बिनआवाजाचे पाढे

८ जानेवारी, सोमवार

घशाचे डॉक्टर म्हणाले, "आजपासून एक शब्दही बोलायचा नाही."

मी म्हटलं, "बरं."

ते म्हणाले, "हा झाला एक."

डाव्या स्वरतंतूवर गाठ आहे, वाटाण्याहून लहान. बावीस तारखेला काढायची. तोवर मौन, आणि नंतर तीन आठवडे मौन. कुजबुजसुद्धा करायची नाही, कुजबुजण्याने ताण जास्त पडतो म्हणे. काढलेली गाठ तपासणीला पाठवणार. मी कागदावर लिहिलं, "तपासणी कशाची?" ते म्हणाले, "फक्त खात्री करून घ्यायची." चष्मा पुसत म्हणाले, त्यामुळे काय ते समजलं.

परत येताना हे काही बोलले नाहीत. तसे हे बोलतच नाहीत. दुकानात तीस वर्षं घड्याळांची टिकटिक ऐकतात आणि घरी आले की माझी.

सत्तावीस वर्षं तिसरीला शिकवतेय. माझ्या वर्गाचे पाढे फाटकापर्यंत ऐकू जातात. मुलं मला भोंगाबाई म्हणतात, मला माहीत आहे. लाडाने म्हणतात.

तोंड बंद ठेवायचं म्हटल्यावर कुठेतरी बोलायला हवंच. म्हणून ही वही.

९ जानेवारी, मंगळवार

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "महिनाभर ग्रंथालयात बसा. पुस्तकांना आवाज लागत नाही." मी पाटीवर मोठ्ठं "नाही" लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. सात, आठ, नऊचे पाढे व्हायचेत. दर वर्षी फेब्रुवारीत त्या स्वतः येऊन तिसरीचे पाढे तोंडी घेतात, आणि दर वर्षी माझा वर्ग पहिला असतो. तो मी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ?

"पण बाई, न बोलता पाढे कसे शिकवणार?"

ते मलाही माहीत नव्हतं. पाटी पुसून मी बाहेर आले.

जिन्यात शिशुवर्गाची मणीबाई भेटली. खरं तर हे नाव मीच ठेवलंय. पोरगेली आहे, कुठून तरी प्रशिक्षण घेऊन आली आणि शिशुवर्गात चटया, ठोकळे, मण्यांच्या काड्या घेऊन बसली. मागे शिक्षकखोलीत मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मणी ओवायला मुलं शाळेत कशाला हवीत? घरी ओवतील की." सगळे हसले होते. तीही हसली होती.

आज म्हणाली, "बाई, माझ्याकडे गुणाकाराचं साहित्य आहे. लागलं तर सांगा."

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच ठरवता आलं नाही.

१० जानेवारी, बुधवार

पहिला दिवस. काय सांगू! डस्टर आपटून आपटून फळा पांढरा झाला आणि मीसुद्धा. छत्तीस पोरं, आणि बाईंना ओरडता येत नाही ही बातमी दहा मिनिटांत सगळ्यांना कळली.

शेवटी पोपटाला उभं केलं. हा माझा हुकमी एक्का, तीसपर्यंत पाढे पाठ, श्वास न घेता. त्याने सांगायचं, बाकीच्यांनी म्हणायचं. जरा बरं वाटलं.

चिमणी नेहमीप्रमाणे पाढ्यांच्या तासाला पोट धरून बाहेर गेली. शेवटच्या बाकावरची. एवढीशी आहे, आवाजही तेवढाच. पोट फार नाजूक आहे तिचं. तिच्या आईला दोनदा चिठ्ठी पाठवली, कुणाला तरी दाखवा म्हणून.

१२ जानेवारी, शुक्रवार

नाक मुठीत धरून मणीबाईकडे गेले.

ती काही बोलली नाही. मला वाटलं, मला हिणवायला बोलत नाहीये, पण शिकवायची तिची पद्धतच तशी आहे. चटई अंथरली. तारेत ओवलेले सात पांढरे मणी, म्हणजे सातची काडी. एक ठेवली, माझ्याकडे पाहिलं. दुसरी तिच्याखाली लावून ठेवली. मग तिसरी. मी बोटाने मोजलं, एकवीस.

मग तिने एक लांब साखळी काढली. सातच्या सात काड्या एकमेकींना कड्यांनी जोडलेल्या. ती तिने घडी घालत घालत आणली, एक मागे, एक पुढे, आणि चटईवर झाला एक चौरस. चारी बाजूंनी सात.

सत्तावीस वर्षं मी सांगत आलेय, "सातचा वर्ग एकोणपन्नास." वर्ग म्हणजे चौरस, हे पुस्तकात आहेच. मला तो आकड्याच्या डोक्यावर बसवलेला एक बारीकसा दोन वाटायचा. आज पहिल्यांदा हातात धरला.

मी पाटीवर लिहिलं, "हे मला कुणी का नाही दाखवलं?"

ती म्हणाली, "मलाही उशिराच दाखवलं कुणीतरी."

१५ जानेवारी, सोमवार

मणीबाईने दिलेल्या काड्या दोनच गटांना पुरल्या. बाकीच्यांनी आपलं घोकत बसायचं.

पोपटाला पहिल्या चटईवर बसवलं. चिठ्ठीवर लिहून दिलं, "७ × ६ मांड." त्याने चिठ्ठी वाचली, डोळे मिटले, आणि "सात एके सात"पासून सुरू करून बेचाळीसवर थांबला. छान. मी काड्यांकडे बोट केलं. तो काड्यांकडे पाहत राहिला. एक सातची काडी घेतली, तिच्या शेजारी सहाची ठेवली, आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

तेरा मणी.

मी मान हलवली. त्याने आणखी एक सहाची ठेवली. मग रडकुंडीला आला. "बाई, मला येतं ना. बेचाळीस. मी सांगितलं ना."

याला गाणं येत होतं, गुणाकार येत नव्हता. आणि गाणं शिकवलं कुणी? तोंड उघडता येत असतं तर मी त्याच्यावर खेकसून मोकळी झाले असते. आता तेही नाही. त्याच्या शेजारी बसले आणि एक एक काडी मांडायला लागले. सहावी त्याने मांडली.

१६ जानेवारी, मंगळवार

यांना पाटीवर लिहून विचारलं, अशा काड्या घरी होतील का? यांनी काडी डोळ्याला भिंग लावून पाहिली. "तार मऊ आहे. टोकाला वळसा नीट दिलेला नाही, म्हणून मणी निसटतात." मग कागद घेतला. छत्तीस मुलं, चौघांची एक चटई, नऊ चटया. "दर चटईला दहा काड्या. सातच्याच नव्वद. म्हणजे सहाशे तीस मणी, आणि आठ-नऊच्या वेगळ्या. होईल."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चिमटे, पकडी, मण्यांच्या वाट्या. मी ओवायचं, यांनी वळसा द्यायचा. आणि हे बोलत होते! त्यांच्या उस्तादाने पहिलं घड्याळ खोलायला दिलं तेव्हा एक स्प्रिंग उडून छताला चिकटली होती, ती गोष्ट सांगितली. एकतीस वर्षांच्या संसारात मी ती ऐकली नव्हती. मी आजारी आहे म्हणून माझी करमणूक करत असणार, बिचारे.

१९ जानेवारी, शुक्रवार

पोपटाचे वडील आले होते. औषधांचं दुकान आहे त्यांचं, माणूस नेमका.

"मुलगा चार दिवस झाले घरी पाढे म्हणत नाही. विचारलं तर म्हणतो, आम्ही चटईवर बसतो. बाई, तुमच्या नावावर आम्ही याला या शाळेत घातला."

पाटीवर काय लिहिणार? "थोडा धीर धरा" असं लिहिलं. ते वाचून म्हणाले, "परीक्षा धीर धरत नाही." खरं आहे. हेच वाक्य मी स्वतः किती पालकांना ऐकवलंय.

मुख्याध्यापिकाबाईंनी नऊ फेब्रुवारी ही तारीख दिली. तोंडी, नेहमीसारखी.

मी चूक करतेय का? निम्म्या मुलांना अजून पाच काड्यांपुढे मोजावं लागतं. घोकून घेतलं असतं तर एव्हाना नऊवर पोचले असते. शिवाय सोमवारी मी ऑपरेशनच्या टेबलावर. त्यानंतर या सगळ्याला काही अर्थ उरेल का, तेही ठाऊक नाही. आज पहिल्यांदा असं लिहिलं. लिहून बरं वाटलं नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

दवाखाना. गाठ काढली. घशात वाळू भरल्यासारखं. अहवाल आठ दिवसांनी.

शेजारच्या खाटेवरची बाई दिवसभर बोलते. मी नुसती ऐकते. तिला वाटतं, माझा स्वभाव फार चांगला आहे.

२९ जानेवारी, सोमवार

शाळेत परत. मधले दिवस मणीबाईने स्वतःचा वर्ग सेविकेवर सोपवून रोज एक तास माझा वर्ग घेतला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला पाटीवर "आभार" लिहिलं तर म्हणते, "तुमच्या यांनी तारेला काय सुरेख वळसा दिलाय हो."

नऊही चटया मांडलेल्या. दारात उभी राहिले तरी कुणाचं लक्ष नाही. आवाज होता, पण गोंगाट नव्हता. मुलं एकमेकांशी भांडत होती, कशावरून, तर आठ वेळा सात आणि सात वेळा आठ यांत जास्त कोणतं यावरून! पोपट म्हणत होता, आठ वेळा सात जास्त, कारण काड्या जास्त. आणि समोर चिमणी. सातच्या आठ काड्या लावलेली पाटी तिने दोन्ही हातांनी उचलली आणि आडवी फिरवली. आता आडव्या रांगा मोजल्या तर आठआठच्या सात. मणी तेच.

पोपट बराच वेळ बघत होता. म्हणाला, "परत फिरव."

तिने परत फिरवली.

एक गोष्ट लक्षात आली. मणीबाईला विचारलं तर तीही तेच म्हणाली. गेल्या आठवड्यात चिमणी एकदाही बाहेर गेली नाही. आईने काहीतरी चांगलं औषध दिलेलं दिसतंय. चला, एक चिंता मिटली.

३१ जानेवारी, बुधवार

अहवाल आला.

यांनी पाकीट फोडलं. घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं. एकदा वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मी बाही ओढली. मग म्हणाले, "साधी गाठ. ओरडून ओरडून झालेली. बाकी काही नाही."

तिसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवलं, डॉक्टरांच्या सहीसकट.

मला रडताही येईना. रडताना आवाज निघतो ना. भिंतीला टेकून उभी राहिले आणि नुसतं पाणी वाहू दिलं. हे म्हणाले, "अगं, बैस तरी." मग तेच बसले.

इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं तर भूक लागली. दोघांनी उभ्याउभ्याच जेवून घेतलं.

४ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. ती दूरच्या शहरात नोकरी करते. एरवी दोन मिनिटांत "ठेवते, आई, काम आहे." पण महिनाभर बघतेय, हे फोन माझ्या कानाला लावतात आणि ती अर्धा अर्धा तास बोलते. मी "हो"साठी एकदा आणि "नाही"साठी दोनदा टिचकी वाजवायची, असं ठरलंय. आज म्हणाली, सहा महिन्यांपूर्वी ती नोकरी सोडून दुसऱ्या ठिकाणी लागली. पगार कमी, पण माणसं चांगली.

सहा महिन्यांपूर्वी! घशापर्यंत आलं होतं माझ्या. टिचकीने काय काय बोलणार? एकदाच वाजवली.

पलीकडे तिने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आई, मला वाटलं होतं तू फार चिडशील."

या नव्या नोकरीत तिला फुरसत बरी मिळत असावी, इतकं बोलते म्हणजे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

मुख्याध्यापिकाबाई खुर्चीत, यादी हातात. मी मागच्या भिंतीशी. चटया गुंडाळलेल्या, काड्या कपाटात. काल मुलांचे चेहरे पाहूनच मी तेवढं एक ठरवलं होतं, की फळ्यावर लिहायचं, "हात हलवले तरी चालतील."

पहिल्यांदा पोपट. "सात सक?" "बेचाळीस." सात एके सात नाही, काही नाही, मधूनच. त्यालाही नवल वाटलं असावं, मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी यादीत बोट फिरवलं आणि चिमणीचं नाव घेतलं. मला कळलं, का ते. गेल्या परीक्षेत तिचे गुण सगळ्यात कमी होते.

"सात आठी?"

चिमणी उभी राहिली. माझे ओठ आपोआप "छप्पन्न" असे हलायला लागले, दर वर्षी हलतात तसे, पण तिने मागे पाहिलंच नाही. बाकावर तिचा हात चालला होता. एक आडवी रेघ, खाली दुसरी, खाली तिसरी. काड्या मांडत होती, नसलेल्या. पाच झाल्यावर थोडी जागा सोडली. मग आणखी तीन.

"पाच वेळा सात पस्तीस," ती म्हणाली. "तीन वेळा एकवीस. छप्पन्न."

"म्हणजे पाठ नाही का?"

"नाही," चिमणी म्हणाली. "पाठ नाही. पण येतं."

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा वर सरकवला. "बरं. सात वेळा बारा?"

हे आम्ही केलंच नव्हतं. मी भिंतीला पाठ घट्ट लावली. तिने बाकावर दोन्ही हात पसरले, भलं मोठं काहीतरी ठेवल्यासारखे, आणि शेजारी छोटंसं. "सत्तर. आणि चौदा. चौऱ्याऐंशी."

सगळं काही गोड झालं नाही. नऊच्या पाढ्यात पाच जण अडखळले, एक रडला. यंदा आमचा वर्ग पहिला नाही, दुसरा. पण जाताना मुख्याध्यापिकाबाई माझ्यापाशी थांबल्या. "पुढच्या वर्षी दुसरीलाही या काड्या द्यायच्या का? तुमच्या यांना वेळ आहे का विचारा."

फाटकाशी पोपटाचे वडील उभे होते. मुलाने काहीतरी सांगितलं असावं. नुसती मान लववली. औषधवाल्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. "बोला."

"काय बोलू?"

हे हसले. आवाज माझाच होता, पण कुणाला तरी वापरायला दिलेला परत मिळावा तसा, थोडा खरखरीत. "हळू बोला," डॉक्टर म्हणाले. "दिवसाला थोडं थोडं."

मी कसली ऐकतेय! दुपारी वर्गात शिरले ती वाऱ्यासारखी. "उभे राहा सगळे! सात एके सात!"

छत्तीसच्या छत्तीस उभी. हात शिवणीला, माना ताठ. "सात एके सात, सात दुणे चौदा..." काय तो सूर! अंगावर काटा आला. सगळं परत मिळालं होतं.

सात चोकवर चिमणीचा हात वर. दुसरा पोटावर.

मी मानेनेच जा म्हटलं. सात पंचे, सात सक. सात सातीला मी थांबले. डॉक्टरांनी सांगितलेलं म्हणून नाही. मुलं पुढे म्हणत राहिली आणि मी दाराकडे बघत राहिले.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. दहा तारीख, पोट. एकोणतीस तारीख, पोट बरं. "आईने काहीतरी चांगलं औषध दिलेलं दिसतंय," हे माझंच अक्षर. कसलं औषध? गोळ्या मी घेत होते आणि पोट तिचं बरं झालं होतं.

सत्तावीस वर्षं. दर वर्षी एखादं तरी पोट धरून बाहेर जाणारं होतंच. मी चिठ्ठ्या पाठवत राहिले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, बोलायची परवानगी मिळाली?"

"मिळाली," मी म्हटलं. "पण तू बोल."

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज वर्गात उभी राहिले नाही. चटया मांडल्या होत्या, एकेका चटईवर जाऊन बसले, आणि कानाशी बोलावं तेवढंच बोलले. मुलांना ऐकण्यासाठी जवळ सरकावं लागत होतं. सरकत होती.

चिमणीच्या चटईवर शेवटी गेले. तिच्या गटातली बाकीची तिघं कपाटातून काड्या आणायला गेली होती.

"काल पोट दुखलं ना?"

"हो."

"मी ओरडले म्हणून?"

तिने मान जोरात हलवली, नाही. एक मणी बोटाने इकडेतिकडे केला. मग म्हणाली, "थोडंसं."

"माझं चुकलं," मी म्हटलं. एवढं म्हणायला आवाज फारसा लागत नाही, हे नव्यानेच कळलं.

तिला त्याचं काय करावं ते कळेना. मोठी माणसं असं म्हणत नसावीत तिच्याजवळ. मणी परत जागेवर ठेवला, आणि मग ती पहिल्यांदा स्वतःहून माझ्याशी बोलली.

"बाई, शून्याची काडी कुठंय?"

पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, शून्य गुणिले काहीही शून्य, लिहून घ्या. आज म्हटलं, "नाही गं. कशी करणार? तूच मांडून दाखव. सात वेळा शून्य."

तिने विचार केला. मूठ वळली, चटईवर आणली आणि उघडली. काही नाही. माझ्याकडे पाहिलं.

"एक," मी म्हटलं.

दुसऱ्या मुठीतही काही नाही. ती तिने पहिल्याच्या बरोबर खाली ठेवली, अगदी नीट, रेषेत. तिसऱ्या वेळी तिचे ओठ दाबलेले होते. पाचव्या वेळी हसू आवरेना. सहावी मूठ मी उघडली. सातव्या मुठीला ती इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या चटया वळून बघायला लागल्या. केवढा आवाज आहे त्या एवढ्याशा पोरीला!

"किती झाले?"

"काहीच नाही!" ती ओरडली. मग चटईवरच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "बाई, अजून एकदा ठेवू?"

"ठेव की," मी म्हटलं. "भरपूर आहे."